दाराबाहेरचे काळे बूट

आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांचं सगळं ठरलेलं असतं. पहिल्या दिवशी होडीतून बेटावर जाऊन पडक्या मठाचे फोटो काढायचे, दुपारी जुन्या देवळाच्या चौथऱ्यावर सावली शोधत बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टोप्या घालून, पाठीवर पिशव्या अडकवून वर डोंगरातल्या सातांच्या मठाकडे निघायचं. संध्याकाळी टोमॅटोसारखी तोंडं घेऊन परत येतात आणि आमच्या गच्चीवर तळलेले मासे खाताखाता एकमेकांना सांगतात, की इथे काय शांतता आहे. शांतता त्यांना. आम्हाला गाढवं आहेत, ट्रॅक्टर आहेत आणि ऑगस्टमध्ये बाफा सरोवराचं पाणी हिरवं झालं की घराघरात शिरणारा वास आहे. तो वास आला की पाहुणे नाकाला रुमाल लावून मला विचारतात, हे नेहमीचंच का? मी सांगते, नाही, खास तुमच्यासाठी.

कापिकिरी हे आमचं तुर्की गाव संरक्षित उद्यानाच्या हद्दीत येतं, म्हणजे भिंतीत खिळा ठोकायचा तरी कुणाला तरी विचारावं लागतं. माझी गाय ज्या पुरातन खांबाला बांधलेली असते त्या खांबाचे फोटो लोक काढतात, गायीचे काढत नाहीत. काठावरच्या खडकांत जुन्या लोकांनी थडगी कोरून ठेवली आहेत. झाकणं केव्हाच गेली. आता त्यांत पावसाचं पाणी साठतं आणि आमची बदकं ते पितात. अशा जागी वाढलेल्या माणसाला मेलेल्यांचं फारसं काही वाटत नाही.

मला तर नाहीच. मी नाझिरे. स्योके शहराच्या इस्पितळात नर्स म्हणून मी उभं आयुष्य काढलं. मरण मी पगार घेऊन पाहिलं आहे. निवृत्त झाल्यावर गावी आले आणि वडिलांच्या घराच्या वरच्या खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. माणूस मरतो म्हणजे काय, तर त्याला धुतात, कफनात गुंडाळतात, पुरतात, आणि त्याचे बूट घराच्या दाराबाहेर ठेवतात. येणारा-जाणारा कुणी गरजू ते उचलून नेतो. कुणी नेले हे विचारायचं नसतं. पुढे ते कुणाच्या पायात दिसले तरी ओळख दाखवायची नसते. बूट गेले की घराचा आणि त्या माणसाचा हिशेब मिटला. मला ही चाल आवडते. तिच्यात रडारड कमी आहे.

माझी धाकटी बहीण साकिने अंगणापलीकडच्या घरात राहते, सासूबरोबर. ती मला अब्ला, म्हणजे ताई, म्हणते, आणि तिचं ऐकून आता अख्खं गावच मला अब्ला म्हणतं. तिचा नवरा दुर्मुश हा पाहुण्यांना डोंगरावर नेणारा वाटाड्या होता. आधीची मुलं दगावली म्हणून सासूनं याचं नाव दुर्मुश ठेवलं, म्हणजे राहिलेला. वर मठाच्या अलीकडे एक मोठा गुळगुळीत खडक आहे, पुरुषभर उंचीचा. त्याला वळसा नाही. दुर्मुश माकडासारखा आधी वर चढायचा आणि मग पाहुण्यांना एकेक करून हात देऊन वर ओढायचा. एका वसंतात अंकाराहून आलेल्या लोकांना त्यानं असंच वर घेतलं, शेवटच्या बाईला घेतलं, 'आलोच' म्हणाला आणि खडकाआड गेला. तो गेला तो गेलाच.

पोलीस आले, कुत्री आली, उद्यानाची माणसं आली, गावातले सगळे पुरुष डोंगर पिंजून आले. चिंधीही मिळाली नाही. मग गावानं ठरवलं की तो पळून गेला. गावाला प्रेत सापडलं नाही की बाई सापडते. कुणी म्हणे इझमीरची, कुणी म्हणे जर्मन. साकिनेच्या समोरच म्हणत. ती मान खाली घालून रुमालांच्या कडेला सुईनं लेस विणत बसायची आणि ते रुमाल टोपलीत घालून देवळापाशी पाहुण्यांना विकायची. वर्षं गेली. तिच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले. ती ना बायको राहिली होती, ना विधवा झाली होती, आणि तिच्याकडे बघून मला राग यायचा, तिचा नव्हे, त्या मेल्याचा.

मग नेवझात आला. पलीकडच्या गावात त्याचा तेलघाणा आहे, बायको वारलेली, मूलबाळ नाही. तेलाचा डबा पोचवायच्या निमित्तानं यायचा, चहा घ्यायचा आणि गप्प बसायचा. बसून बसून एक दिवस त्यानं विचारलं. साकिने हो म्हणाली. कोर्टानं दुर्मुशला केव्हाच मेलेला ठरवला होता, इमामसाहेबांची हरकत नव्हती. ऑलिव्हची तोडणी झाली की निकाह लावायचा ठरला. मी कित्येक वर्षांनी तिला मोठ्यानं हसताना ऐकलं आणि चुलीशी उभी राहून मनात म्हटलं, आता तरी हिला जगू दे.

तिला मात्र कोर्टाचं आणि इमामाचं पुरेसं वाटेना. एका संध्याकाळी ती दुर्मुशचे बूट घेऊन बाहेर आली. काळे, शहरी, लग्नात घेतलेले. ते त्याला चावायचे, म्हणून एकदोनदाच घातलेले. तिनं त्यांना पॉलिश केलं होतं. दाराबाहेर तिनं ते नीट जोडून ठेवले, टाचा घराकडे, चवडे रस्त्याकडे.

सासू, उम्मुहान, उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "जनाजा नाही, कबर नाही, आणि बूट बाहेर?"

"मग किती दिवस आत ठेवू, आई?"

"बूट काढतात ते गेलेल्याचे. माझा मुलगा हरवलाय."

"हरवलेल्याचं ताट वाढतेस का तू रोज? नाही ना वाढत?"

म्हातारीनं मान फिरवली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तरी सांग हिला. तू शिकलेली."

मी म्हटलं, "मला विचारशील तर हे आधीच व्हायला हवं होतं." अजूनही माझं तेच मत आहे.

"धुतल्याशिवाय, पुरल्याशिवाय बूट बाहेर ठेवले तर ते नेणार कोण?" उम्मुहान म्हणाली आणि आत गेली. तिच्या बोलण्याकडे आम्ही लक्ष दिलं नाही. वय झालं की माणूस कोड्यात बोलतो, असं आम्ही धरून चाललो.

सकाळी बूट नव्हते. साकिनेनं दार झाडलं, पाणी मारलं, आणि दुपारी नेवझातबरोबर पडद्याचं कापड आणायला स्योकेला गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी इझमीरचे एक औषधवाले आणि त्यांची बायको माझ्याकडे उतरले. डोंगरावरून आले ते खुशीत. जेवताना म्हणाले, "तुमचा वाटाड्या फार चांगला हो. एक अक्षर बोलत नाही."

"मी कुठे वाटाड्या दिला होता तुम्हाला?"

"मग वर भेटला तो कोण? त्या मोठ्या खडकापाशी. हात देऊन वर ओढलं आम्हाला. हिला तर अलगद उचललं."

बायको हसून म्हणाली, "पण असे बूट घालून कुणी डोंगर चढतं का? काळे, चकचकीत. जसा काही वरातीलाच निघालाय."

मी पाव कापत होते, कापत राहिले. डोकं जाग्यावर असलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. कुणी मेंढपाळानं, कुणी तोडणीला आलेल्या परक्या मजुरानं बूट नेले असतील, आता वर पाहुण्यांना मदत करून चार पैसे मिळवत असेल. बूट ठेवतात ते याचसाठी. आणि ओळख दाखवायची नसते, म्हणून मी विषय बदलला.

पण पाहुणे येत राहिले आणि सांगत राहिले. इस्तंबूलचे, कोन्याचे, डच, जर्मन. त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. सगळ्यांचा माणूस एकच. तो पैसे घेत नाही. फोटो काढू देत नाही, कॅमेरा काढला की खडकाआड होतो. मठाच्या भिंतीपर्यंत नेतो, रंगवलेले संत दाखवतो आणि कुणी वळून बघेपर्यंत निघून जातो. पैसे न घेणारा मेंढपाळ मी आजवर पाहिलेला नाही, तरीही मी गप्प होते.

एका संध्याकाळी एक तरुण डॉक्टर जेवायला बसला होता. आम्ही दोघं इस्पितळाच्या गोष्टी बोलत होतो. बोलता बोलता तो म्हणाला, "तुमच्या त्या वाटाड्याच्या हाताला काय झालं होतं? त्यानं मला ओढलं तेव्हा मला एक बोट अर्धंच लागलं. करंगळीशेजारचं."

साकिने चहाचे ग्लास घेऊन आली होती. तिनं तबक टेबलावर ठेवलं. एक थेंब सांडला नाही. ती जिना उतरून खाली गेली आणि अंगणात बराच वेळ नुसती उभी राहिली.

दुर्मुशचं ते बोट लग्नाआधी तेलघाण्यात गेलं होतं. गावाबाहेर हे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावातले पुरुष वर गेले. दिवसभर थांबले, हाका मारल्या, काही दिसलं नाही. नंतर नेवझात एकटा गेला, भाकरी बांधून, आणि खडकाशी सूर्य कलेपर्यंत बसून आला. त्यालाही काही दिसलं नाही. मीही गेले. झऱ्याजवळच्या चिखलात पाहुण्यांच्या नक्षीदार तळव्यांमध्ये एक सपाट तळव्याचा ठसा होता, मागे टाचेची चौकट. एवढंच. त्या दिवशी खाली येताना मला जर्मनांचा एक घोळका वर जाताना भेटला होता. तेच लोक संध्याकाळी मला सांगत होते, की खडकापाशी काळ्या बुटांचा एक गृहस्थ उभा होता.

म्हणजे तो परक्यांनाच दिसत होता. मला भीती वाटायला हवी होती, पण मला वाटला तो संताप. ज्यांना त्याचं नावही माहीत नाही त्यांना हात देतोस, देवळं दाखवतोस, आणि तुझी बायको इथे रुमाल विकून डोळे घालवते तिच्यासाठी तुला वाट सापडत नाही. जिवंत असशील तर हलकट आहेस आणि मेला असशील तर त्याहून हलकट आहेस. मी हे मोठ्यानं म्हटलं, गायीला चारा घालता घालता.

पडद्याचं कापड शिवायचं राहिलं. नेवझात यायचा, साकिने त्याच्यापुढे चहा ठेवायची आणि डोंगराकडे तोंड करून बसायची. एक दिवस त्याचाही बांध फुटला. "मी रोज येतो, समोर बसतो, विचारलं तर उत्तर देतो. हाच माझा गुन्हा आहे का, साकिनेबाई?"

ती म्हणाली, "मला एकदा त्याला बघू दे. मग तू म्हणशील त्या दिवशी निकाह."

"एकदाच?"

"एकदाच. तोंडावर विचारायचंय, आलोच म्हणून का गेलास."

नेवझातनं टोपी उचलली. मला जिन्यापाशी म्हणाला, "अब्ला, तुम्ही जा हिच्याबरोबर." रडणारा पुरुष मला आवडत नाही, पण तो रडत नव्हता, हे त्याहून वाईट होतं.

साकिनेनं डोकं लढवलं. तो पाहुण्यांना दिसतो तर आपण पाहुणे व्हायचं. खोल्यांमध्ये लोक काय वाटेल ते विसरून जातात. त्यातून तिनं पँट काढली, रुंद कडेची टोपी काढली, काळा चष्मा, पाठीवरची पिशवी, आणि कुणा बाईचे जाड तळव्याचे बूट काढले, बोटांशी कापूस कोंबून. तिला तसं बघून मला हसू आलं. मला म्हणाली, "ओळखू येते का?" मी म्हटलं, "माझ्याकडे खोली मागितलीस तर मी भाडं सांगेन."

बुर्साहून निवृत्त शिक्षकांची टोळी आली होती. त्यांची म्होरकी पेरिहान बाई, खणखणीत आवाजाची. आम्ही त्यांच्यात मिसळलो. जुन्या फरसबंद वाटेनं निघालो तेव्हा ऊन चढलेलं होतं, पाइनच्या झाडांना चीक सुटलेला होता, खाली सरोवर पत्र्यासारखं चमकत होतं. शिक्षक एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत होते. साकिने सगळ्यांच्या मध्ये चालत होती, मान खाली घालून. मी शेवटी.

खडक आला. पुढचे लोक थांबले.

"मेरहाबा," पेरिहान बाई वर बघून म्हणाल्या. "काय उन्हाचे उभे आहात हो तुम्ही."

मी वर बघितलं. खडकाची कड होती, एक वाळकं झुडूप होतं आणि आभाळ होतं. साकिनेनं चष्मा काढला. तिच्या तोंडावरून मला कळलं, की तिलाही एवढंच दिसत होतं.

पहिला एक जाडा शिक्षक पुढे झाला. त्यानं हात वर केला. त्याची बाही ताणली गेली आणि पाय जमिनीवरून सुटले.

माणसानं स्वतः चढणं आणि कुणी तरी त्याला उचलून घेणं, यातला फरक नर्सला शिकवावा लागत नाही. स्वतः चढणाऱ्याचं पोट आधी आत जातं. उचललेल्याचा खांदा आधी जातो. त्या माणसाचा खांदा आधी गेला.

दुसरी बाई गेली, तिसरी गेली. एकेक जण रिकाम्या हवेत हात द्यायचा आणि वर जायचा. वर पोचल्यावर कुणी आभार मानायचं, कुणी खांद्यावर थोपटल्यासारखं करायचं. कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मग साकिने पुढे झाली. टोपी सरळ केली आणि हात वर केला.

काही झालं नाही.

ती तशीच उभी राहिली. हात खाली घेतला नाही. मी तिच्यामागे दोन हात पुढे करून उभी होते, ती पडली तर झेलायला.

"थांबलेत ते," वरून पेरिहान बाई म्हणाल्या. "हात पुढे केला होता, मागे घेतला."

"काय म्हणतायत?" साकिनेनं विचारलं.

"काहीच नाही. तुमच्याकडे बघतायत." मग त्या म्हणाल्या, "ओळख आहे का तुमची?"

साकिने म्हणाली, "त्यांना विचारा, आलोच म्हणून का गेलास."

वर कुणीतरी हसलं. पेरिहान बाईंचा आवाज उतरला होता. "ते नुसती मान हलवतायत हो. आणि बोट दाखवतायत."

"कुठे? गावाकडे?"

"नाही. तुमच्या पायांकडे. बहुतेक म्हणतायत, तुमचे बूट बरोबर नाहीत."

साकिनेनं हात खाली घेतला आणि आपल्या पायांकडे बघितलं, कुणा परक्या बाईच्या त्या जाड बुटांकडे. ती खूप वेळ बघत राहिली.

"अगंबाई, गेले वाटतं," पेरिहान बाई म्हणाल्या.

उतरताना ती माझ्याशी बोलली नाही. मी मात्र अखंड बोलत होते. म्हटलं, बघितलंस ना, नाही घेतलं तुला. भेटलीस, विचारलंस, उत्तर मिळालं. आता त्याच्या नावानं पाणी सोड आणि शनिवारी नेवझातला बोलाव. ती म्हणाली, "हो, अब्ला." तिचा आवाज इतका समजूतदार होता, की मी त्या दिवशी पोटभर जेवले.

दोन दिवसांनी दुपारी मी तिच्याकडे दही द्यायला गेले. ती आत पीठ मळत होती. दाराबाहेर तिचे लग्नातले बूट होते. पांढरे, बारीक टाचेचे, स्वच्छ पुसलेले. टाचा घराकडे, चवडे रस्त्याकडे.

मी ते उचलून आत नेले. "हे काय आहे?"

"राहू दे बाहेर."

"जिवंत माणसाचे बूट कुणी बाहेर ठेवतं का? वेड लागलंय तुला?"

ती मळतच होती. "तो खडकाआड गेला, त्या दिवसापासून मी कुठे जिवंत होते, ते सांग. तुला एखादा दिवस आठवत असेल तर सांग."

"तू त्या दिवशी हसलीस. निकाह ठरला त्या दिवशी. मी ऐकलं."

तिनं हात थांबवले. क्षणभर मला वाटलं, ऐकेल. मग ती म्हणाली, "त्यानं सांगितलं तसं करते, अब्ला. माझं कधी त्यानं ऐकलं नाही, पण मी त्याचं ऐकते."

मी ते बूट माझ्या कपाटात कोंबून किल्ली लावली. दुसऱ्या सकाळी उम्मुहान माझ्या अंगणात येऊन म्हणाली, "तिनं रोजच्या चपला ठेवल्या होत्या बाहेर. गेल्या." मी कपाट उघडलं. पांढरे बूटही नव्हते. कुलूप जसंच्या तसं होतं.

आमच्या गावात त्या चपला उचलणारं कुणी नाही. सगळ्यांना ठाऊक होतं त्या कुणाच्या.

काही झालं नाही. हे मी मुद्दाम लिहिते. साकिने उठायची, गाय पिळायची, माझ्या स्वयंपाकात हात लावायची, नेहमीएवढं जेवायची. अनवाणी फिरायची, तेवढा एक फरक. मी तिची नाडी बघितली. भरलेली, संथ, माझ्यापेक्षा चांगली. रक्तदाब बघितला. नेवझात आला, तिच्या समोर बसला, ती त्याच्याशी तेलाच्या भावाबद्दल बोललीसुद्धा. त्याला नव्या चपला आणू का विचारावंसं वाटत होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. निकाहची गोष्ट कुणी काढली नाही. मला वाटलं, हळूहळू निवळेल.

त्या आठवड्यात तिचा एकही रुमाल खपला नाही. देवळापाशी पाहुणे तिच्या टोपलीवरून पुढे जात होते, म्हणाली. मी म्हटलं, मोसम संपत आला.

शनिवारी संध्याकाळी अदानाचं एक कुटुंब डोंगरावरून परत आलं. मी गच्चीवर टेबल मांडलं होतं. नेवझात येणार म्हणून मासे जास्त तळले होते. साकिने माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून लेस विणत होती, उतरतं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं, आणि ती मला इतकी धडधाकट दिसत होती की मी मनातल्या मनात स्वतःची थट्टा केली.

"किती छान जोडपं ठेवलंय तुम्ही वर," पाहुण्या गृहस्थांनी बसता बसता सांगितलं. "त्यानं मला हात दिला आणि हिला त्याच्या बायकोनं."

"जोडपं?" मी विचारलं.

"हो ना. बाई फार गोड. आणि त्या टाचांवर त्या खडकावर उभी कशी राहते, तीच जाणे."

मी साकिनेकडे बघितलं. तिची सुई चालूच होती. टाके सरळ पडत होते.

गृहस्थांची बायको हात धुऊन आली. बसायला जागा शोधत टेबलाला वळसा घालून आमच्या बाजूला आली, साकिनेच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ही रिकामीच आहे ना? घेऊ का?"



साकिनेनं विणकाम गोळा केलं. उठली, आणि खुर्ची त्या बाईसाठी थोडी मागे सरकवून दिली.

बाई बसली. हसून तिनं आभार मानले. माझे.